संपादकांची लाइन

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला सगळं गाव 'संपादक' म्हणतं. लोक कौतुकानं म्हणतात, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. तरुणपणी भावोजींनी एका छापखान्यात काही महिने मुद्रितं तपासली होती. तिथून त्यांना काढलं, कारण चुका सोडून ते लेखकांची मतंच दुरुस्त करायला लागले. पुढे विजेच्या सामानाचं दुकान झालं, मग एका वकिलाकडे टायपिंग झालं. प्रत्येक ठिकाणी मालकाला अक्कल कमी होती, निदान घरी येऊन ते तसं सांगायचे. ताई शिलाई मशीनवरून मान वर न करता 'हं' म्हणायची. घर त्या मशीनवर चालायचं.

पन्नाशी उलटल्यावर त्यांना पेपरची लाइन, म्हणजे ठरलेल्या घरी रोज पेपर टाकायचं काम मिळालं, तेही ताईमुळे. पेपरच्या एजंटचा जुना माणूस गुडघेदुखीनं घरी बसला होता. एजंट बायकोचे कपडे न्यायला आला तेव्हा त्यानं सहज विचारलं, "वहिनी, तुमच्याकडे पहाटे उठणारं कोणी आहे का?"

"उठणारं नाही," ताई म्हणाली, "पण उठवता येईल असं आहे."

भावोजींनी बरेच आढेवेढे घेतले. शेवटी मला मुद्दाम बोलावून जाहीर केलं, "मी पेपर टाकणार नाही. मी वृत्तवितरण बघणार आहे."

"म्हणजे सायकलवरूनच ना?" मी विचारलं.

"साधन कुठलंही असो."

मी पलीकडच्याच गल्लीत राहतो. "सुरुवातीला जरा बरोबर जा रे, एकटे गोंधळ घालतील," असं ताईनं सांगितल्यामुळे मला त्यांचा पराक्रम जवळून पाहायला मिळाला. बसस्टँडसमोरच्या बँकेच्या शटरपाशी गाडी गठ्ठे फेकून जायची. बाकीची माणसं फरशीवर बसून भराभर पुरवण्या आत सरकवायची. बोटं काळी झालेली, तोंडं बंद. भावोजी मात्र गठ्ठ्यावर बसून पहिलं पान मोठ्यानं वाचायचे आणि चूक सापडली की खिशातला लाल पेन काढून तिच्याभोवती गोल करायचे. कुणाच्या पेपरवर, तर गिऱ्हाइकाच्या! उजाडलं तरी यांचं संपादन चालूच. मग मीच पुरवण्या भरायचो आणि त्यांना सायकलवर बसवून द्यायचो.

लाइनवर निघाले की कानात बातम्यांची वायर आणि तोंडात प्रत्येक घराबद्दल एक शेरा. "इथे अग्रलेख कोणी वाचत नाही. इथे फक्त शेवटचं पान. हा दातांचा डॉक्टर, हा तर खेळाच्या पुढे जातच नाही." ज्यांच्या जिवावर आपल्याला काम मिळालंय त्यांची एवढी किळस मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेली नाही.

त्या लाइनच्या शेवटच्या घरात निवृत्त गणिताच्या बाई राहायच्या. एकट्याच. लाल गोलांची तक्रार अनेकांनी एजंटकडे केली. बाई मात्र फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या आणि सरळ भावोजींनाच म्हणाल्या, "उद्यापासून पेपर कोरा द्या. चुका माझ्या मला सापडतात."

एवढंच. पण भावोजींना ते असं झोंबलं की विचारू नका. तोवर ते पेपर दाराच्या जाळीत खोचायचे. त्या दिवसापासून फाटकातूनच भिरकावायला लागले. पडला तर पायरीवर, नाहीतर कुंड्यांत. "बाईंना चार पावलं चालू दे," म्हणायचे. माझं बरोबर जाणं मी थांबवलं ते तेव्हाच. तो माणूस आता हरवणार नव्हता, आणि हरवला असता तरी माझी हरकत नव्हती.

पुढे एकदा सकाळी मी ताईकडे दुरुस्तीला टाकलेली पँट न्यायला गेलो होतो. भावोजी लाइन उरकून चहा पीत बसले होते आणि रंगात आले होते.

"काय बाई आहे! परवाचा पेपर पायरीवर, कालचा त्याच्यावर. आज मी मुद्दाम नेम धरून त्याच ढिगावर टाकला. पाय अडकेल तेव्हा कळेल."

ताईचं मशीन थांबलं. "अहो, दार?"

"बंद."

"आणि दिवा?"

"दिवा चालू! लख्ख उजेडात वीज जाळतात, आणि शिस्त मला शिकवतात."

ताई उठली. सुई कापडात तशीच रुतलेली होती. "चल," ती मला म्हणाली आणि चपला न घालताच रस्त्याला लागली. मागून भावोजींचा आवाज आला, "अगं, चहा निवतोय!"

आम्ही दार वाजवलं तेव्हा आतून काहीतरी घासल्यासारखा आवाज आला. मागच्या दाराची कडी मी खांद्यानं उखडली. स्वयंपाकघर आणि पुढच्या खोलीमधल्या बोळात बाई पडल्या होत्या. कमरेचं हाड मोडलेलं, ओठ फुटलेले, हाताशी झाडांना पाणी घालायची झारी. पडताना ती हातात होती. सगळं पाणी सांडलं नव्हतं म्हणून बाई जगल्या. ताईनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, पदरानं तोंड पुसलं. त्यांनी विचारलं, "आज वार कोणता?"

ताईनं सांगितलं. बाईंनी डोळे मिटले, मनात हिशेब लागल्यासारखे.

ऑपरेशन झालं, बाई वाचल्या. आणि त्याच आठवड्यात पेपरात बातमी आली: 'वृत्तपत्र वितरकाच्या सतर्कतेने वृद्धेचे प्राण वाचले'. सोबत फोटो. सायकलीचं हँडल धरून दूरवर क्षितिजाकडे बघणारे भावोजी. 'दाराशी साचलेले अंक पाहून त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली,' असं वार्ताहरानं लिहिलं होतं. ताईचा उल्लेख 'घरच्यांच्या मदतीने' या दोन शब्दांत उरकला होता, आणि त्या दोन शब्दांत मीही होतो. भावोजींनी ती बातमी तीनतीनदा वाचून दाखवली. सबंध बातमीत त्यांना एकही चूक सापडली नाही.

एजंटनं कात्रण दुकानाच्या काचेवर चिकटवलं. दातांचा डॉक्टर, ज्याला हे खेळाच्या पानापलीकडे मोजत नव्हते, त्यानं रस्त्यात थांबून हात मिळवला. गाव म्हणजे तरी काय? छापून आलं की पटलं.

एवढ्यावर थांबतील तर ते संपादक कसले! कात्रणाला चौकट करून घेतली आणि ती बाईंना भेट द्यायला आम्हा दोघांना घेऊन इस्पितळात गेले. बाई उशीला टेकून बसल्या होत्या. "बाई, ओळखलंत का?" भावोजींनी खास आवाज काढला.

"आवाजावरून लगेच," बाई म्हणाल्या. "रोज फाटक वाजायचं. सायकल भिंतीला टेकलेली कळायची. मी हाका मारायचे. शेवटच्या दिवशी तुम्ही म्हणालात, 'राहू दे पडून तिथेच.' मला वाटलं, मलाच म्हणताय."

शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. भावोजींनी चौकट या हातातून त्या हातात घेतली. "अहो, ते पेपरला म्हटलं. माझ्या कानात बातम्या चालू होत्या ना!"

"हो? काय होती बातमी?"

आता इथे कुठलाही माणूस गप्प बसला असता. भावोजींनी बातमी सांगायला सुरुवात केली. मथळा, तपशील, वर स्वतःचं मत. बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. वर्गातल्या कुठल्याशा बाकावर असला एखादा नमुना त्यांनी नक्कीच पाहिला असणार. ताई माझा दंड धरून बाहेर आली.

जिन्यात ती थांबली. मला वाटलं रडेल. रडली नाही. "इतकी वर्षं मी ऐकून घेतलं," ती म्हणाली, "कारण वाटायचं, बोलतात नुसतं, कुणाचं वाईट तर करत नाहीत."

दुसऱ्या दिवशी ती त्या वार्ताहराकडे गेली आणि जे घडलं ते सगळं सांगितलं. तो सौजन्यानं म्हणाला, "वहिनी, ती बातमी आता जुनी झाली." एजंटकडे गेली, तर तो म्हणाला, सध्या त्यांना काढलं तर लोक मलाच बोलतील. ताईनं दोघांशी वाद घातला नाही. बाई घरी परतल्या तेव्हा तिनं हातगाडी ठरवली आणि शिलाई मशीन बाईंच्या पुढच्या खोलीत नेऊन ठेवलं. बाईंना सोबत हवी होती, आणि ताईला तर केव्हापासून शांतता हवी होती. सकाळी जाते, अंधार पडता पडता येते. बाईंनी पेपर बंद केला. दुपारी दोघी रेडिओवर गाणी लावतात, बातम्या लागल्या की बंद करतात. ताईच्या अंगावर थोडं मांस चढलंय.

भावोजी स्वतःचा चहा स्वतः करतात, भांडं तसंच ठेवतात. लाइन अजून त्यांच्याकडेच आहे. पहाटे बँकेच्या शटरपाशी ते सगळ्यांना सांगत असतात, की एकट्या वृद्धांची सोय व्हावी म्हणून आपणच बायकोला तिकडे बसवलं, कल्पना मूळ आपलीच. बाकीचे ऐकून घेतात. हात पुरवण्यांत गुंतलेले असतात बिचाऱ्यांचे, उठून जाता येत नाही.