नोरीनचा वाकलेला झोत

डॉक्टर हेडलीचं नाव काढलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. नोरीन टॅप्सेलने ऑस्ट्रेलियातल्या पिलिगाच्या रानाकडेच्या आमच्या रेडिओ दुर्बिणीवर अख्खा जन्म काढला, आणि या साहेबाने एका दुपारीत तिच्या कामाचं मातेरं केलं.

नोरीन एका जोडताऱ्याच्या मागे होती. त्यातला एक मेलेला, एवढासा, पण भलता जड. तो दुसऱ्याचा वायू ओढतो आणि त्यातला काही झोतासारखा बाहेर फेकतो. दुसरा धिप्पाड आणि तापलेला. त्याच्या अंगावरून सतत वारा सुटलेला. नोरीन सांगून दमली, "दोघं जवळ आले की त्या वाऱ्याने झोत वाकणार." जवळ येतात नऊ वर्षांतून एकदा. मागच्या खेपेला पुराने घात केला. पुढच्या खेपेला ती निवृत्त. म्हणजे हीच खेप तिची.

दुर्बिणीच्या डिशा चोख फिरल्या. त्यांचं ग्रीस-बेअरिंग माझ्याकडे असतं. नोंदी मिळाल्या. पण चित्र काढायचं काम प्रमुख म्हणून हेडलीने ओढून घेतलं. हवेमुळे नोंदी थरथरतात. त्या सावरायला चित्राचा आधी अंदाज धरतात आणि नोंदी त्याला जुळवून घेतात. या शहाण्याने अंदाज धरला सरळ झोताचा. मग काय, वाक चूक म्हणून पुसला गेला.

"उत्तर आधी लिहिलंस आणि मग गणित केलंस," नोरीन म्हणाली. कच्च्या नोंदी घेऊन तिने सगळं नव्याने केलं. झोत चांगला वाकलेला निघाला.

"सरळ झोताचा लेख गेला गं पाठवून," हेडली म्हणाला. "आता कशाला उकरतेस? तुझंही नाव घातलंय की."

"उपकार झाले."

"बघू नंतर निवांत."

निवांत म्हणजे ती निवृत्त होऊन गेल्यावर. हलकट माणूस.

आमच्याकडे निघणाऱ्याला त्याच्याच ताऱ्याचं चित्र चौकटीत घालून देतात. निरोपाच्या दुपारी झाडाखाली सॉसेजं भाजत होती. हेडलीने हसत चौकट पुढे केली. सरळ झोत, खाली नोरीनचं नाव. लोकांनी टाळ्याही वाजवल्या.

नोरीनने चित्र नीट पाहिलं आणि चौकट त्याच्याच हातात परत ठेवली.

"हा माझा तारा नाही, हेडली. आधी लेख मागे घे, मग हवं ते दे. तोवर घरी भिंतीवर खिळा ठोकून ठेवते."

खिळा मीच ठोकून दिला. अजून रिकामाच आहे.