बटणांचा डबा

माझ्या मावशीला घरात सगळे चिमणी म्हणायचे, कारण जेवायला बसली की ती चिमणीएवढंच खायची. चार घास पोटात गेले न गेले तोच हात धुवायला उठायची. कुणी आग्रह केलाच तर म्हणायची, माझं पोटच लहान आहे. हे ऐकणाऱ्या पाहुण्याची नजर तिच्या पोटाकडे जायची आणि चटकन छताकडे वळायची, कारण आमची चिमणी दारातून जरा तिरकी होऊनच आत यायची.

मावशी कपडे शिवते. पुढच्या खोलीत तिचं मशीन खिडकीशी आणि माझं भिंतीशी. काज, बटणं आणि हातशिलाई माझ्याकडे. शिवणाऱ्या माणसाला एक सोय असते आणि तीच मावशीला नडली. कपडा घट्ट झाला की इतरांना आपण सुटलोय हे कळतं. मावशीला ते कधी कळलंच नाही. स्वतःच्या कपड्यांच्या शिवणीत ती आतून भरपूर कापड राखून ठेवायची आणि काखेत जरा ओढलं की उसवून सैल करायची. आतलं कापड संपलं की बगलेत जोड, तोही इतका बेमालूम की तिनं दाखवल्याशिवाय मलाही दिसला नसता. टेप मात्र तिनं स्वतःच्या अंगाला कधी लावला नाही. दारातून आलेल्या गिऱ्हाइकाचं माप नुसत्या नजरेनं सांगणारी ही बाई स्वतःवर वेळ आली की अंदाजपंचे काम करायची.

आणि दिवसातून कितीतरी वेळा तिला एखादं जुनं बटण हवं असायचं. आतल्या खोलीत कपाटावर पत्र्याचा मोठा डबा होता, ओळखू यावा म्हणून झाकणाला एक काळं बटण दोऱ्यानं बांधलेलं. मावशी आत जायची, बराच वेळ लावायची आणि हवं तसं बटण मिळालं नाही म्हणत, तोंड पुसत बाहेर यायची. मी चांगली भोचक आहे. कुठल्या गिऱ्हाइकाच्या खिशात काय राहिलंय ते मला तोंडपाठ असतं. पण जुन्या बटणांत कुणाला रस असणार? त्या डब्यात बिस्किटं होती.

काकांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, तर स्वप्नातही शंका आली नसती. टपाल कचेरीतला हा सरळमार्गी माणूस. बायको खात नाही तरी फुगते, म्हणजे काहीतरी भयंकर आहे, हे त्यांच्या मनानं घेतलं. ते तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. खाणं काय, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मावशीच्या आधी तेच म्हणाले, काही नाही हो, चिमणीएवढं. डॉक्टर बुचकळ्यात पडले. रक्त तपासलं, गळा तपासला, आणि शेवटी म्हणाले, दवाखान्यात दाखल व्हा, पोटात काही वाढतंय का ते नीट बघू. काकांची थोरली बहीण असल्याच कशानं तरी गेली होती.

मावशी सगळ्याला हो म्हणत गेली. एका वाक्यात सगळं मिटलं असतं, पण ते वाक्य तिच्या तोंडून निघेना. नळ्या घालून घ्यायला ती तयार होती, डबा उघडायला नाही.

दाखल व्हायच्या आदल्या दुपारी काका कचेरीतली पँट घेऊन आले. कमरेत जरा आवळून दे, सारखी घसरते, म्हणाले. मावशीनं सवयीनं त्यांच्या कमरेला टेप लावला. लग्नापासून त्यांचे कपडे तीच शिवते, त्यांचं माप तिला झोपेतही सांगता येईल. तिनं टेपकडे पाहिलं, तो काढला आणि पुन्हा लावला.

"अहो, तुम्ही जेवत नाही का?" तिनं विचारलं.

"घास उतरत नाही," काका म्हणाले. "तुझं ऐकल्यापासून."

मावशीनं टेप खाली ठेवला. मग आत गेली, डबा घेऊन आली आणि मशीनवर ठेवून तिनं झाकण काढलं.

"मला काही झालेलं नाही. मी खाते. चोरून खाते. रोज हा भरते आणि रोज रिकामा करते."

मला वाटलं, आता काका चिडणार. त्यांनी डब्यात पाहिलं, मग तिच्याकडे.

"म्हणजे तू आजारी नाहीस?"

ती म्हणाली, ते मला माहीत नाही, पण पोटात वाढतंय ते हेच. काका गिऱ्हाइकांच्या बाकावर मटकन बसले आणि तोंडावर हात धरून रडले. मग डोळे पुसून त्यांनी डब्यातलं एक बिस्किट घेतलं, मग आणखी एक, आणि बघता बघता बरीच संपवली. मी चहा टाकायला पळाले. मला इतकं हायसं वाटत होतं की साखर दोनदा घातली.

डॉक्टर रागावले नाहीत. दवाखाना रद्द झाला आणि त्यांनी मावशीला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. तिथे ती हळूहळू बोलती झाली. भूक नसायचीच, म्हणाली. कपडा शिवून झाला, मशीन थांबलं, की गिऱ्हाइकाला तो बसेल का या धास्तीनं छातीत धडधडायचं. बिस्किट तोंडात असेपर्यंत धडधड नसायची. मग लाज वाटायची, म्हणून चारचौघांत चार घास. आणि दुपारी पोटात कावळे ओरडायला लागले की पुन्हा डबा. बाईंनी डबा फेकायला सांगितला नाही. आधी सगळ्यांसमोर पोटभर जेवा, म्हणाल्या.

आता डबा आमच्या दोघींच्या मशीनच्या मधे असतो. सगळं सुरळीत झालंय असं नाही. एखादं नाठाळ गिऱ्हाईक येऊन गेलं की तो अजूनही रिकामा होतो. पण मग मावशीच सांगते, आज संपवला गं, आणि मी बरं म्हणते.

परवा तिनं स्वतःसाठी नवं कापड काढलं, हात पसरून उभी राहिली आणि काकांच्या हातात टेप दिला. काकांनी टेप गुंडाळला, तिला वाईट वाटू नये म्हणून जरा आवळूनच धरला आणि आकडा पुटपुटले.

"आवळू नका," मावशी म्हणाली. "आहे तेवढंच सांगा. आणि मोठ्यानं."

काकांनी टेप सोडून पुन्हा धरला आणि मोठ्यानं सांगितलं. मावशीनं खडू घेतला आणि तो आकडा कापडावर लिहिला.