नोटीस आली तर दार कोण उघडणार

ही घटना मी विसरलेलो नाही, आणि ती कोणत्याही पोलीस ठाण्याच्या डायरीत नोंदलेली नाही. आर्थिक गुन्हे शाखेतून निवृत्त झाल्यावर मी ओमानमध्ये, मस्कतच्या अझैबा भागात मुलीकडे राहत होतो.

खबर मुलीनेच दिली. "बाबा, खालच्या मजल्यावरच्या ताईंना कंपनी काढायचीय. एजंट म्हणतो, अमेरिकेत नोंदवा. जरा बघाल?"

ताई वसईच्या. नवरा रुसैलच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर; त्या त्याच्या फॅमिली व्हिसावर. चर्चमधल्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या विधीला मुली घालतात ते पांढरे फ्रॉक त्या घरी शिवत आणि ऑनलाइन विकत. मागणी वाढली तशी एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, करायची ठरली. प्रश्न एवढाच होता, की ती ओमानमध्ये नोंदवायची, की घरबसल्या अमेरिकेतल्या एखाद्या राज्यात.

शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधली मिस्सा आटोपून नवरा-बायको दोघे वर आले. ताईंनी एजंटचा कागद पुढे ठेवला.

"अमेरिकाच बरी, अंकल. तिथला पत्तासुद्धा एजंटच देतो. इथे कोणाला कळायचं कारण नाही."

सेवेत असताना हे वाक्य ऐकलं की मी पेन खाली ठेवत असे. कोणाला कळणार नाही, असं म्हणणाऱ्याच्या मनात एक ठरावीक माणूस असतो. तो कोण, हे शोधायचं असतं.

दोघांना वेगवेगळं विचारायची जुनी सवय. नवऱ्याला मी एक तयार पार्सल आणायला खाली पाठवलं आणि ताईंना विचारलं, "माल जातो कसा?"

"कुरियरवाला घरी येतो ना."

नवरा पार्सल घेऊन आला. लेबलवर पाठवणाऱ्याचा पत्ता रुसैलच्या गोदामाचा होता.

"हे कुठलं घर?" मी विचारलं.

ताईच नवऱ्यावर उखडल्या. "सांग ना आता. रोज सकाळी माझ्या डोक्यावर उभा असतोस, यल्ला, चल, बांध लवकर, कारखान्याची गाडी निघेल म्हणून."

"घराचा पत्ता नको, असं तूच म्हणालीस ना?" तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "आमचं स्टोअर आहे, अंकल. कंपनीचा कुरियर तिथे येतोच. दोन पार्सलं जास्त गेली तर कोण बघतंय?"

"मालकाला विचारलंय?"

"अर्बाबला? कळलं तर खलास. व्हिसा जाईल. पोरगी दहावीला आहे आमची."

ज्याला कळू द्यायचं नव्हतं, तो माणूस सापडला होता. कंपनी कुठे नोंदवायची हा त्यांचा प्रश्नच नव्हता. अर्बाबपासून काम कुठे लपवायचं, हा होता.

मी सांगितलं, "इथला कायदा मला माहीत नाही. तो इथल्या नोंदणी खात्यात जाऊन विचारा. पण कागद अमेरिकेतला असला तरी फ्रॉक अझैब्यातच शिवला जाणार. चौकशीला येणारा माणूस मशीन कुठे आहे ते बघतो."

सेवेत अशा नोंदणीकृत पत्त्यांवर मी अनेकदा गेलो. कुठे कुलूप असे, कुठे दुसऱ्यासाठी सही करून बसलेला एखादा वॉचमन. अशा एका वॉचमनला मी अटक केली. आपल्या नावावरची कंपनी काय करते, हे त्याला अटकेनंतर कळलं.

"रविवारी कारखाना उघडला की स्वतः अर्बाबकडे जाऊन सांगा," मी नवऱ्याला म्हणालो. "दुसऱ्याकडून कळण्याआधी."

"आणि काढून टाकलं तर?" त्याने विचारलं.

"तसंही होईल. मी खात्री देऊ शकत नाही."

रविवारी तो गेला. अर्बाबने सगळं ऐकून घेतलं. नोकरी राहिली, पण स्टोअरच्या चाव्या त्याच दिवशी काढून घेतल्या आणि त्याला लोडिंगवर टाकलं. बायकोला धंदा करायचा असेल तर इथे, रीतसर, तिच्या नावावर. तोवर बंद, असंही बजावलं. त्या वर्षी ख्रिस्तप्रसादाचा हंगाम आला आणि गेला. ताईंच्या मशीनवर चादर होती.

परवानग्या मिळायला बरेच महिने गेले. मग एका शुक्रवारी दोघे ओमानमधल्या नोंदणीचा अर्ज दाखवायला आले. पत्त्याच्या रकान्यात मस्कतच्याच बौशर भागातली भाड्याची एक खोली होती.

मी एकच प्रश्न विचारला. "नोटीस आली तर दार कोण उघडणार?"

"मी," ताई म्हणाल्या.

"आणि मी मागे बटणं लावत बसणार," नवरा पुटपुटला.

त्याच्या चाव्या परत मिळाल्या नव्हत्या. माझ्या सल्ल्याची किंमत त्याने मोजली, हे मी नाकारत नाही. पत्ता म्हणजे आरोपीला शोधायला जायची जागा, असं मी सगळ्या सेवेत मानत आलो. भीती वाटत असतानाही माणूस खरा पत्ता लिहून देतो, हे मला उशिरा दिसलं.

मी तो पत्ता दोनदा वाचला. तपासायला जायची गरज नव्हती.