कापडापाशी न थांबलेली मूठ

त्या सकाळी जिया देशुन चुलीवरच्या कढईतून सोयाच्या दुधाचा फेस काढत होता. घरातला टोफू गावभर जायचा. बायको, गुइलान, उंबऱ्याशी कोबी निवडत बसली होती. एवढ्यात दारावर टकटक झाली.

त्यांच्या गल्लीत दार कोणी वाजवत नसे. लोक अंगणाबाहेरूनच हाक मारत आणि ओ येण्याआधी चुलीशी येऊन बसत. टकटक करणार तो सरकारी माणूस, नाहीतर रुसलेला.

देशुनच्या हातातली पळी तशीच राहिली.

"उघडा की," गुइलान म्हणाली. "काल अख्ख्या जत्रेसमोर हात चालला, आज कडीपर्यंत पोचेना होय?"

दारात फांगवहिनी. पांग गुरूंच्या तालमीतल्या देशुनच्या थोरल्या गुरुबंधूची, फांग लिनशूची बायको. एरवी 'शुन्या, मऊ बघून दे रे, ह्यांचे दात गेलेत' असं ओरडत आत शिरणारी ही बाई आज धुवट जाकीट घालून, केस चापून उंबऱ्याबाहेर उभी होती. हातात कापडात गुंडाळलेला लांब भाला.

"जिया गुरुजी घरात आहेत का?" देशुन समोरच उभा असताना तिने विचारलं.

"वहिनी, असं काय बोलता..."

"ह्यांचा निरोप आहे. पांग गुरूंचा भाला जो सरस त्याच्याकडे असावा. आता तो जिया गुरुजींकडेच शोभेल."

भाला भिंतीला टेकवून ती गेली. पाणीसुद्धा घेतलं नाही. मागे कढई उतू जाऊन चूल चरचरली.

देशुनच्या डोक्यात लहानपणापासून दोन गोष्टी एका वेळी राहत नसत. म्हणून पांग गुरूंनी त्याला एकच वार दिला होता, बेंग. अर्धं पाऊल पुढे, मागचा पाय त्याच्यामागे ओढलेला, आणि मूठ छातीपासून सरळ, दरड कोसळावी तशी. बाकीचे भाला शिकले, तलवार शिकले. देशुन खळ्यावर तेवढंच करत राहिला. गावाने त्याचं नाव एकठोशा पाडलं. गुरू वारले, शिष्य पांगले, तरी फांग रोज पहाटे खळ्यावर यायचा, स्वतःचे डाव करायचा आणि जाताना याच्या पाठीवर थाप मारायचा.

काल कंदिलांच्या सणाची जत्रा होती. पाहुण्या गावच्या लोकांना डाव दाखवता दाखवता फांगने सहज देशुनला समोर बोलावलं. गुरुबंधूंमधली रीत सगळ्यांना ठाऊक असते. मूठ समोरच्याच्या अंगावरच्या कापडाला टेकली की थांबायची, मग थोरल्याने 'बरं चाललंय' म्हणायचं. पण देशुनने जन्मभर हवेलाच ठोसे मारलेले. मूठ कापडाला टेकली आणि तशीच पुढे गेली. फांग मागच्या बाकावर आदळून बाकासकट उलटा झाला; टोपी उडाली ती तिळाच्या वड्यांच्या टोपलीत.

इथवर चूकच होती. चुकीला माफी मागता येते. पण लोक ओरडले, "वा रे एकठोशा!" आणि देशुन हसला. दादाला हात द्यायच्या आधी हसला. पडल्या जागेवरून फांगने ते पाहिलं.

भाला खांद्यावर घेऊन देशुन फांगकडे निघाला, तर न्हाव्याने दुकानातूनच विचारलं, "काय रे, उरलेल्या बरगड्या मोजायला चाललास?" देशुनचे कान तापले. भाला काही लपवता येण्याजोगी वस्तू नव्हती. तो भिंतीकडेने चालत राहिला.

फांग घरात, खालून जाळ घालून तापवलेल्या निजायच्या ओट्यावर टेकून बसला होता, छातीला घट्ट पट्टा.

"या जिया गुरुजी, बसा."

वहिनीने दोन्ही हातांनी चहा पुढे केला, परक्या पाहुण्याला देतात तसा. देशुनने घेतला नाही. भाला जमिनीवर ठेवून तो उभाच राहिला.

"दादा, मारा हवं तर. गुरुजी नका म्हणू."

"का बरं? पाडणारा तो गुरुजी."

"हात चुकला."

"हात चुकला, ते माझ्या बरगडीला पटलंय. पण तोंड कुणाचं हसत होतं?"

वाटेत देशुनने उत्तर जुळवून ठेवलं होतं: दाढ दुखत होती, तोंड वाकडं झालं असेल. ते आता ओठांवर येईना.

"माझंच," तो म्हणाला. "बरं वाटलं मला. तुम्ही पडलात आणि मला बरं वाटलं, दादा. घरी जाऊन पुन्हा आठवलं, तेव्हाही वाटलं. मग मात्र स्वतःच्या हाताकडे बघवेना."

वहिनी कप तिथेच ठेवून बाहेर गेली. फांगने छातीवरचा पट्टा सावरला.

"एवढं कशाला सांगितलंस?"

सांगितलंत नव्हे, सांगितलंस. देशुनच्या ते ध्यानात आलं, पण मान वर करायचा धीर झाला नाही.

"मग आता काय पाहिजे तुला?" फांगने विचारलं.

"बरगडी जुळली की खळ्यावर माझ्यासमोर उभे राहा, दादा. मला थांबायला शिकवा."