वाळवलेल्या आठळ्या

गच्चीवर कुरडयांच्या शेजारी फणसाच्या आठळ्या उन्हात पडल्या आहेत. टणक, स्वच्छ, हलवल्या की टरफलात खुळखुळतात. इतकं देखणं वाळवण माझ्या हातून आजवर झालेलं नाही.

मावशीच्या परसातला फणस रस्ता रुंद करताना गेला. त्याच्या शेवटच्या फळातल्या आठळ्या तिने ओल्या मातीत घोळवून मला दिल्या होत्या. "तुझ्या जागेत लाव. माझ्या झाडाचं एवढंच उरलंय." मी पडलो टापटिपीचा माणूस. माती धुतली आणि बुरशी नको म्हणून आठवडाभर कडक ऊन दाखवलं. बी म्हटलं की वाळवायचं, एवढं शेतीचं ज्ञान मला डब्यातल्या गव्हावरून झालेलं.

आज मावशी आली. तिने एका आठळीचं टरफल नखाने काढलं आणि म्हणाली, "मेल्या रे सगळ्या. फणसाचं बी वाळलं की संपलं."

"पण दिसतात किती छान," मी म्हणालो.

"तुझे काकाही तिरडीवर छानच दिसत होते."

गहू कोरडा होऊन वर्षभर वाट बघू शकतो. फणसाला थांबणं जमत नाही. त्याचा जीव ओलीतच असतो. मी ती ओल काढून घेतली आणि रोज संध्याकाळी आठळ्यांवरून कौतुकाने हात फिरवला.

"आता भाज तरी," मावशी म्हणाली.

मीठ लावून आम्ही दोघांनी तिचं झाड खाल्लं. चव चांगली होती. तिने आणखी एक मूठ मागून घेतली.