अकरा जोड मोजे

जया भोईर पोर्तुगालला निघाल्या तेव्हा त्यांच्या बॅगेत अकरा दिवसांचे अकरा जोड मोजे होते. कॉलेजात जाणाऱ्या नातीने, जागृतीने, ते स्वतः मोजून भरले होते. वर तंबी दिली होती, "आजी, बीचवर पण काढायचे नाहीत हां. लोकं बघतात."

बघण्यासारखं होतंच. आज मानपाड्यात जयाबाईंचा तीन मजली बंगला आहे, दारात दोन गाड्या आहेत. पण लग्नाआधी, वयाच्या नवव्या वर्षापासून बाविसाव्यापर्यंत, त्या बापासोबत ठाण्याच्या खाडीकाठी मिठागरात राबल्या. खाऱ्या पाण्याने पाय जे खाल्ले ते कायमचे. टाचा चिरलेल्या, बोटं फाकलेली, घोट्यापर्यंत जुन्या जखमांचे पांढरे वण. सुनेने तीनदा पार्लरमध्ये नेऊन पाहिलं. तिसऱ्या वेळी पार्लरवालीनेच हात टेकले.

नवऱ्याने, भिवाने, यायला साफ नकार दिला होता. पासपोर्टच्या फोटोसाठी टोपी काढायला लावतात, हे त्याचं कारण. "बिनटोपीचा मी देवासमोर उभा नाय राहिलो, त्या सायेबासमोर कशाला?" तेव्हा जयाबाई एकट्याच डोंबिवलीच्या टूरवाल्या सलिलच्या ज्येष्ठ नागरिक टूरमध्ये दाखल झाल्या. दिवस गौरी-गणपती झाल्यानंतरचे होते. चोवीस मंडळी, त्यांतली बावीस पेन्शनवाली, आणि चकल्यांचे डबे माणसांपेक्षा जास्त.

मराठी टूर म्हटली की पहिल्या दिवशी बसमध्ये माइक फिरणारच. लिस्बनच्या चढ-उतारांवरून पिवळ्या ट्राम कुरकुरत चालल्या होत्या, पण खिडकीबाहेर बघायला कोणाला सवड? कोण कुठल्या बँकेतून रिटायर झालं आणि कोणाचा मुलगा कुठल्या देशात आहे, हे आधी ठरायला हवं होतं. माइक जयाबाईंकडे आला. त्यांनी जागृतीने घोकून घेतलेलं वाक्य म्हटलं, "आमचा बांधकामाचा धंदा आहे."

अगदी खोटं नव्हतं. त्यांच्या शेतावर इमारती उभ्या राहिल्या होत्याच, फक्त बांधल्या दुसऱ्याने होत्या. पण त्या एका वाक्याने घात केला. बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले श्रीपादराव प्रत्येक नाश्त्याला समोर येऊन बसायचे. "काय हो जयाताई, कल्याण-शीळ रोडला सध्या रेट काय चाललाय?"

"चढताहेत," जयाबाई म्हणायच्या आणि पावाला लोणी फासायच्या. हे उत्तर कधीच चुकणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

खोलीत जोडीला वर्तकनगरच्या सुमतीबाई होत्या. एकतीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, त्यामुळे गाइडने तोंड उघडायच्या आत त्याला दुरुस्त करायच्या. स्वभावाने चांगल्या, घोरायच्या तेवढ्या. रात्री जयाबाई दिवा मालवल्यावरच मोजे काढायच्या आणि सुमतीबाई उठायच्या आत पुन्हा चढवायच्या. एवढ्या लांब येऊन त्या पायांना धड मोकळी हवासुद्धा लागली नव्हती, याचं त्यांना वाईट वाटायचं. पण मिठागरातली बाई म्हटल्यावर हीच माणसं आपल्याकडे कशी बघतील, याची धास्ती त्याहून मोठी होती.

ओबिदुश नावाच्या जुन्या किल्ल्याच्या गावी तटबंदीवरून फिरताना सगळ्यांचे गुडघे बोलले. नाझारेच्या समुद्रकिनारी बायका वाळूत जाळ्या मांडून मासे सुकवत होत्या. सुमतीबाईंनी नाकाला रुमाल लावला आणि जयाबाईंना मात्र माहेरी आल्यासारखं झालं. "बोंबील तेवढे नायत, बाकी सगलं तेच!" त्यांच्या तोंडून निघून गेलं. मग सगळी मंडळी चपला हातात घेऊन लाटांत शिरली. श्रीपादरावांनीसुद्धा पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. जयाबाई एकट्या मोज्यांवर बूट घालून कोरड्या वाळूत पर्स सांभाळत उभ्या राहिल्या. एकीची नव्हे, नऊ जणींच्या.

सहाव्या दिवशी आवेइरू नावाचं गाव आलं. गावातून कालवे, कालव्यांतून रंगीत होड्या. होडीतून उतरल्यावर सलिलने एक वळण घेतलं आणि जयाबाईंचे पाय जागीच थबकले. समोर मिठागर होतं. तसेच चौकोनी वाफे, तसेच मातीचे बांध, तसेच पांढरे ढीग. फक्त नारळ नव्हते.

"समुद्राचं पाणी आत घेतात, ऊन लागतं, वाफ होते, खाली मीठ उरतं," सुमतीबाईंनी धडा घ्यायला सुरुवात केली. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात किती दिवस फिरवावं लागतं, हे जयाबाईंच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. बांधकामवालीला हे कसं ठाऊक असेल?

वाफ्यात सत्तरीचा एक म्हातारा अनवाणी काम करत होता. लांब दांड्याच्या फळीने त्याने पाण्यावर धरलेली मिठाची नाजूक साय अलगद एका कडेला ओढली, ओंजळीत घेतली आणि हसत हसत बांधावर येऊन हात श्रीपादरावांपुढे केला. घ्या, चाखा.

श्रीपादरावांनी हात मागे घेतला. "हातावर मीठ नको बुवा, भांडण होतं."

म्हाताऱ्याने हात पुढच्या बाईंकडे नेला. त्याही मागे सरल्या. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या. एकतीस वर्षं मुलांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावणाऱ्या सुमतीबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. तेवीस शिकल्यासवरलेल्या माणसांपैकी एकानेही त्या ओंजळीला बोट लावलं नाही. सलिलला हे इंग्रजीत कसं सांगावं ते सुचेना. म्हाताऱ्याचं हसू मावळलं. तो तिथल्या गाइडला हळूच काहीतरी म्हणाला आणि गाइडने ते सलिलला इंग्रजीत सांगितलं.

"तो विचारतोय," सलिल ओशाळून म्हणाला, "मीठ खराब दिसतंय का?"

 जयाबाईंचा बाप, बाबुराव, असाच मिठाची पाटी पुढे करून व्यापाऱ्यासमोर उभा राहायचा. व्यापारी चिमूट उचलायचा, बोटांनी उडवून द्यायचा आणि भाव पाडायला म्हणायचा, काळं आहे. बाप तशीच पाटी घेऊन उभा राहायचा. दहा वर्षांच्या जयाला तेव्हा त्या माणसाचा हात चावावासा वाटायचा.

त्या बांधावर बसल्या. बूट काढले. मग मोजे काढले.

"अहो जयाताई, हे काय?" सुमतीबाई दचकल्या.

"थांबा हो बाई." जयाबाई वाफ्यात उतरल्या. त्यांनी म्हाताऱ्याला खूण केली : हातात नको, खाली ठेव. आपल्या बांधावरची रीतच होती ती. देणाऱ्याने ठेवायचं, घेणाऱ्याने उचलायचं. म्हाताऱ्याने बुचकळ्यात पडून फळीवर मीठ ठेवलं. जयाबाईंनी चिमूट उचलली, जिभेवर ठेवली, डोळे मिटले.

"झकास हाय," त्या म्हणाल्या. "सांग रे त्याला सलिल. मीठ झकास हाय. आमच्यात हातात देत नायत, म्हनून."

सलिलने गाइडमार्फत सांगितलं आणि म्हातारा मोठ्याने हसला. मग काय, रांग लागली. रांग लावण्यात डोंबिवलीकरांचा हात कोण धरणार? प्रत्येकाने चिमूट उचलली, काहींनी दोनदा, आणि श्रीपादरावांनी तर खिशातून कागद काढून पुडीच बांधली.

म्हाताऱ्याचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं. तो जयाबाईंचे पाय बघत होता. चिरलेल्या टाचा, फाकलेली बोटं, पांढरे वण. त्याने काही न बोलता आपला पाय उचलून त्यांच्या पायाशेजारी ठेवला. दोन पाय, एका कारखान्यातून निघालेले. मग त्याने हातातली फळी त्यांच्यापुढे धरली. फळीला काही हरकत नव्हती; ती त्यांनी हातातच घेतली. बेचाळीस वर्षांनी जयाबाईंनी मीठ ओढलं आणि हात एकदाही अडखळला नाही. त्यांना इतका आनंद झाला की डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायला मिठाचा हात वापरल्याने आणखी आलं.

बसमध्ये सुमतीबाईंनी माइक मागून घेतला. "मी एकतीस वर्षं पोरांना मीठ शिकवलं," त्या म्हणाल्या, "आणि घरापासून तासाभरावर मिठागर असताना एकदाही जाऊन पाहिलं नाही. आज ज्यांना येतं, त्यांनी शिकवावं." आणि माइक त्यांनी जयाबाईंच्या हातात दिला.

"माझं नाव जया भोईर," जयाबाई म्हणाल्या. "मना बांधकामातलं काय कलत नाय. श्रीपादराव, आता रेट इचारू नका." बस हसली, श्रीपादराव सगळ्यांत जास्त. "मी मिठागरातली. माझा बाप बाबुराव. त्याचं मीठ काळं नवतं, एवढंच सांगायचंय." पुढचा तासभर त्यांनी पाणी कसं फिरवायचं ते सांगितलं, आणि सुमतीबाईंनी ते वहीत उतरवून घेतलं.

परत आल्यावर जागृती बॅग उपसायला बसली. सहाव्या दिवसानंतर काढलेल्या प्रत्येक फोटोत आजी अनवाणी होती, हे तिने फोनवर पाहिलंच होतं.

"आजी, पाच जोडांचे टॅगपण काढले नाहीस! आणि एक जोड कमी आहे."

"तो तिकरं बांधावर रायला."

भिवाने जयाबाईंनी बांधून आणलेल्या पुडीतलं मीठ चाखून निकाल दिला, "बरा हाय. पन आपल्या खाडीचा कडक होता." जागृती हसली नाही. ती फरशीवर टेकलेल्या आजीच्या उघड्या पायांकडे बघत बसली होती. आजवर ते झाकायलाच तिने आजीला शिकवलं होतं. ती पुढे सरकली आणि तिने एका वणावरून बोट फिरवलं.

"आजी, दुखायचं का गं?"

हे आजवर कोणीच विचारलं नव्हतं. "लय दुखायचं," जयाबाई म्हणाल्या. मग जागृतीने मीठ चाखायला हात पुढे केला, तेव्हा त्यांनी चिमूट हातावर न देता ताटलीत ठेवली.

"उचल," त्या म्हणाल्या.