भावाच्या दुकानातला सर्व्हर

अकोल्यात आमच्या भाजी पिकवणाऱ्या बायांच्या गटाचं कॉम्प्युटरचं काम मी पाहायची. शिकले कुठं म्हणाल, तर कुठंच नाही. पुस्तकं चाळली अन् चुका केल्या. कपाशीनं रडवलं त्या वर्षांत बाया टमाट्याकडं वळल्या, तर बियाणंच बोगस निघालं. बियाण्याच्या कंपनीवर तक्रार उभी राहायची तर कोणत्या पाकिटातलं बी कधी टाकलं, किती उगवलं, हे दाखवावं लागे. बाया चिठ्ठ्या आणत, मी कॉम्प्युटरवर नोंदवत असे. तोच काय तो पुरावा.

आमच्याकडं कॉम्प्युटर चालवायला लिनक्स ही सिस्टिम होती. फुकट मिळते, उघडून पाहता येते. पण कोणत्या यंत्राशी तिचं जमेल याचा नेम नसतो. म्हणून सगळ्या नोंदी ठेवायचं मोठं मशीन, म्हणजे सर्व्हर, घेताना माझी एक रीत होती. लिनक्सची सीडी पर्समध्ये न्यायची, दुकानातच मशीन तिच्यावर सुरू करायची, अन् दोन डिस्कपैकी एकीची वायर काढून पाहायची. मशीनमधलं कार्ड दोन्हींवर तेच लिहीत असेल तर एक गेली तरी दुसरी तारते.

अमरावतीच्या दुकानदाराला मी कित्येक वर्षं राखी बांधत होते.

"भाऊ, हे डिस्कचं कार्ड लिनक्सवर चालते का?"

"चालते ना, ताई!"

मी सीडी काढली तसा तो हसला. "वकील घेऊन आल्या काय सोबत? भावावर भरोसा नाही राह्यला?"

मला मेलीला लाज वाटली. सीडी परत पर्समध्ये ठेवली, वहिनीच्या हातचा चहा प्याले, मशीन घेऊन आले.

आता आमच्याकडं 'चालते' कशाकशाला म्हणतात हे त्या वयात मला कळायला नको? भाजीत मीठ कमी असलं तरी चालते. चपलेला खिळा ठोकला तरी चालते. मी विचारलं, काम करते का. त्यानं सांगितलं, घ्या चालवून.

लिनक्स बसवताना दोन डिस्क मिळून एक दिसायला हवी, त्या वेगवेगळ्या दिसल्या होत्या. म्हटलं, कार्ड आतल्या आत करत असेल. बायांना सांगून टाकलं, आता चिठ्ठ्या जपू नका.

सुनावणीच्या आठवडाभर आधी पहिली डिस्क खरखरली अन् गेली. दुसरी लावून पाहिली तर कोरी. ते कार्ड विकतच्या सिस्टिमसोबतच दोन्हीकडं लिहायचं. आमच्याकडं नुसतं शोभेला बसलं होतं.

अमरावती गाठली.

"एका कॉलेजातून याच कारणानं वापस आली होती ही मशीन," तो म्हणाला. "मले वाटलं, तुमी हुशार, जमवून घ्यान."

"मग सांगितलं काहून नाही?"

"सांगतलं असतं तं घेतली असती काय तुमी?"

सुनावणीत साहेबांनी नोंदी मागितल्या. नव्हत्या. तक्रार तिथंच संपली. बाहेर पातूरची एक बाई माझ्याजवळ आली; तिचं अख्खं वावर त्या बियाण्यानं खाल्लं होतं.

"बाई, चिठ्ठी मी चुलीत घातली. तुमी म्हणलं ना, मशीनमंधी दोन-दोन जागी हाये. तुमी पाह्यलं होतं ना?"

"नाही," मी म्हटलं. "त्यानं सांगितलं, अन् मी…"

तिनं पुढचं ऐकलं नाही. पदर खोचला अन् स्टँडकडं चालू लागली. सकाळी अकोल्याहून एसटीनं येताना आम्ही एकाच सीटवर बसून आलो होतो.